सलमाच्या मावशीकडे

आखन, जर्मनी

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर.

माझ्या फ्लॅटमधल्या हिबा आणि सलमा दोघी सुदानच्या, पण वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. तिकडे दोन सेनापती सत्तेसाठी लढताहेत. हिबाचा भाऊ एकाच्या सैन्यात, सलमाचा दुसऱ्याच्या. त्यात हिबाची आई बेपत्ता.

काल सलमा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "हिबा, तुझी आई सापडली. कैरोला माझ्या मावशीकडे आहे. मीच शोधायला सांगितलं होतं."

हिबा तिच्या गळ्यात पडून रडली. मग मी शिरा केला आणि आम्ही तिघींनी कढईतूनच खाल्ला!

बाबा, निवडणुकीपासून काका आपल्याकडे येत नाहीत ना? तुम्हीच जा की एकदा.

तुमची लाडकी,
मुक्ता