पत्र आधी, बोलणं मागून

चैत्र शुद्ध २, शके १८६३. सकाळ.

लढाईमुळे कागद मिळत नाही. ह्यांच्या कचेरीतल्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजू शिवून ही वही केली. कुणाला दाखवायची नाही.

आमच्या शिक्षिका-वर्गाचं पहिलं वर्ष संपलं. पार्वतीबाई (वर्गाच्या प्रमुख) म्हणाल्या, आता सुट्टीत प्रत्येकीने दोन महिने बिनपगारी उमेदवारी करायची. शाळा चालेल, दवाखाना चालेल. जागा आपली आपण शोधायची, मुलाखत आपली आपण द्यायची. वैशाखी पौर्णिमेपर्यंत जागा मिळाल्याचा सहीशिक्क्याचा कागद आणला तर दुसरं वर्ष, नाहीतर नाव कमी.

नाव कमी म्हणजे पालम. दिरांचं घर, सासूबाईंचं अंथरूण, ती मोठी चूल. मरेपर्यंत.

पण तो प्रश्नच येत नाही. नऊ जणींत वय माझं जास्त (चौतीस), वाचन माझं जास्त, आणि शिफारसपत्र फक्त माझ्याकडे येणार आहे.

निश्चय: पहिल्याच मुलाखतीत काम. कमी बोलणे. कुणासमोर रडणे नाही.

चैत्र शुद्ध ५

भावजी स्वतः पालमहून पत्र घेऊन आले. दिनकरभावजी वकिली करतात, अधिकाऱ्यांत उठबस आहे. पत्र उर्दूत. अक्षर काय सुंदर! म्हणाले, वहिनी, पत्र आधी द्यायचं, बोलायचं मागून. आणि वाचून झालं की परत मागून घ्यायचं, पुढे उपयोगी पडेल. मी पाया पडले.

पुढे म्हणाले, वैशाख वद्य तृतीयेला गंगाखेड स्टेशनावर बैलगाडी पाठवतो, आईचं करणं अंबिकेच्याने (माझी जाऊ) एकटीच्याने होत नाही. मी म्हटलं, तेव्हा मी उमेदवारीवर असेन. म्हणाले, असू द्या हो, सांगून ठेवलेली बरी.

किती पुढचं बघतात! अशी माणसं घरात असली की बाईला काय कमी?

चैत्र शुद्ध ६. दुपार.

कडूबाई (माझी घरमालकीण, वाकळा शिवते) पत्र उलटसुलट करून बघायला लागली. म्हणाली, काय लिवलंय गं माय यात? कुनाकडून तरी वाचून घे की. मी म्हटलं, स्वतःची स्तुती दुसऱ्याकडून वाचवून घेणं शोभत नाही. म्हणाली, स्तुतीच हाय हे तुला कुनी सांगितलं? खेड्यातल्या बाईला शिफारस म्हणजे काय ते माहीत नाही. सोडून दिलं.

चैत्र शुद्ध ९, रामनवमी

दिवाळीपासून उर्दू शिकतेय. एकटीच. ह्यांच्या पेटीत त्यांचा कायदा सापडला, अलिफ-बे शिकायचं पुस्तक. कचेरीतून आल्यावर हे लिहीत बसत तेव्हा मी विचारायची, मला कधी शिकवाल? म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात. पौषात गेले. तीन वर्षं झाली.

कायद्याच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंय. उर्दूत मी वाचलेला पहिला शब्द तो. जन्मात तोंडाने घेतलं नाही ते नाव एक एक अक्षर लावून वाचलं.

सुधारणा: कायद्यातलं अक्षर छापील आहे. वळण यावं म्हणून आजपासून भावजींचं पत्र कित्ता म्हणून घेतलं. अर्थ लागत नाही, पण पाटीवर रोज दहा वेळा जसंच्या तसं गिरवायचं. स्तुती आहे, हातातून गेली तर अंगात मुरेल.

चैत्र शुद्ध १२

पहिली मुलाखत. परभणीतलीच मुलींची शाळा. मोठ्या उस्तानीबाई (मुख्याध्यापिका) खुर्चीत ताठ बसलेल्या. मी पत्र आधी दिलं. त्यांनी वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग आवाज एकदम मऊ. बैठिये बाई, म्हणाल्या. स्वतः उठून माठातलं पाणी दिलं. मोठ्या उस्तानीबाईंनी, स्वतः!

मुलगी रडत असेल तर काय कराल, हा प्रश्न बाहेर बसलेल्या सगळ्यांना विचारत होत्या. मला विचारलाच नाही. मीच उत्तर दिलं, बरंच सविस्तर. त्या नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, जागा नाही. पण शिपायाला हाक मारून मला टांग्यात बसवून द्यायला सांगितलं.

जागा नसताना एवढा मान! असती तर काय झालं असतं?

(कमी बोलणे जमलं नाही. उद्यापासून.)

चैत्र पौर्णिमा

वर्गातल्या हेमाला त्याच शाळेत घेतलं. एकोणीस वर्षांची पोर, शिफारस नाही, ओळख नाही. जागा मधल्या तीन दिवसांत रिकामी झाली असणार. बिचारीला कुणी टांग्यापर्यंत सोडायलासुद्धा आलं नाही म्हणे, पायी आली.

चैत्र वद्य ४

पत्रात माझं नाव सापडलं! नर्मदाबाई. पहिल्याच ओळीत. दहा दिवस गिरवत होते आणि कळलं नव्हतं. कडूबाईला दाखवलं. म्हणाली, नाव तर वारंटातबी असतंय.

चैत्र वद्य ६

चुडाव्याची शाळा. रेल्वेने गेले. मुंजाजी मास्तर एकटेच चालवतात, मदतीची फार गरज आहे असं ऐकलं होतं.

पत्र आधी. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं. मग माझं सगळं मान्य. मी म्हटलं, पाढे आधी मोठे आणि मग लहान शिकवावेत. बरोबर आहे, म्हणाले. म्हटलं, पट्टी शाळेतून हद्दपार करावी. अगदी बरोबर. मला शंका आली, म्हणून म्हटलं, शाळा दुपारी बाराच्या उन्हात पिंपळाखाली भरवावी. तेही बरोबर! मुलं खिडकीतून हसत होती, त्यांना दटावलं. इतका मान देणारा पुरुष मी ह्यांच्यानंतर पाहिला नाही.

मास्तरीणबाई पाणी घेऊन आल्या. गुळाचा खडाही होता.

उमेदवारीचं विचारलं तर म्हणाले, बघू, कळवतो, तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका. स्टेशनावर स्वतः आले, मला डब्यात बसवलं, समोरच्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं, यांना परभणीला नीट उतरवा. ती बाई सगळा रस्ताभर माझा हात धरून होती.

कळवतील.

चैत्र वद्य ११. संध्याकाळ.

नवा शब्द लागला. दुसऱ्या ओळीत. दाल, मीम, अलिफ, गैन. दिमाग!

भावजींनी माझ्या बुद्धीबद्दल लिहिलंय. पालमच्या घरात अकरा वर्षांत कुणी माझ्या बुद्धीचं नाव काढलं नव्हतं. भावजी तर समोर बोलतही नसत. मनात ठेवलं आणि वेळ आली तेव्हा लिहून दिलं. डोळ्यांत पाणी आलं. (कुणी समोर नव्हतं, म्हणून चालेल.)

पुढचे तीन शब्द लागत नाहीत. तल्लख असेल, किंवा त्याहून मोठं काही.

वैशाख शुद्ध १

मुंजाजी मास्तरांकडून काही नाही. टपाल उशिरा येतं.

पार्वतीबाईंनी विचारलं, नर्मदाबाई, आता तुम्ही एकट्याच राहिलात, काय करता? मी म्हटलं, दोन ठिकाणी फार छाप पडली आहे.

वैशाख शुद्ध ३, अक्षय तृतीया

ह्यांच्या नावाने केळी-करा (पाण्याचे मातीचे घट) दिला. कडूबाईने आमरस केला, मला वाटीभर. म्हणाली, जिंतूरला सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीय, अमरावतीकडची. बायका लय नाव घ्यायल्यात. तिला लिवनारी बाई पायजे. जा. आन ते कागूद इथंच ठेव.

मी म्हटलं, शिफारस घरी ठेवून मुलाखतीला जाणं म्हणजे छत्री घरी ठेवून पावसात जाणं. म्हणाली, तुजी छत्रीच गळायलीय माय. मत्सर. पण रस गोड होता.

वैशाख शुद्ध ६

जिंतूर. मोटारीत धूळ इतकी की डॉक्टरीणबाईंनी आधी तोंड धुवायला लावलं. दवाखान्यात ही गर्दी! ओसरीवर बायका, पोरं, एक बकरीसुद्धा. मी पत्र पुढे केलं. म्हणाल्या, मला उर्दू येत नाही हो, आणि वेळही नाही. बसा इथे, नावं लिहा.

बसले. बायनाबाई, ताप, चार दिवस. दगडाबाई, पायाला खिळा. एक म्हातारी नवऱ्याचं नाव सांगेना, मीही विचारलं नाही, कोरं सोडलं. पट्टी कशी बांधायची ते एकदा दाखवलं, दुसरी मी बांधली. एक पोर किंचाळत होतं, त्याला पाटीवर बोका काढून दिला, गप्प झालं. दुपारी दोनपर्यंत सदतीस नावं. मी चार तास फारशी बोललेच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, अक्षर चांगलं, हात शांत. उद्यापासून या. राहायला मागची खोली आहे. कागद आणा, सही करते.

इथे लिहायला हवं ते लिहिते. मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. शिफारस न बघता घेतलं तर लोक म्हणतील, कीव करून घेतली. भावजींनी एवढं लिहून दिलं ते वाया जायचं. मी म्हटलं, बाई, आधी हे वाचून घ्या. त्या म्हणाल्या, गरज नाही. मी म्हटलं, माझ्या समाधानासाठी. कंपाउंडर बन्सीधर औषध ढवळत होता, त्याला उर्दू येत होतं. मीच त्याच्या हातात पत्र दिलं.

त्याने मनात वाचलं. मग डॉक्टरीणबाईंना आत बोलावलं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता.

म्हणाल्या, आज दमला असाल. सहीचं तुमच्या घरच्यांशी बोलून कळवते. दवाखान्यात औषधं असतात, विषारी असतात, तुम्ही राग मानू नका. बन्सीधरने मोटारीत बसवून दिलं.

तो कंपाउंडर माझ्या अक्षरावर जळला. दुसरं कारण दिसत नाही.

वैशाख शुद्ध ७

दुसरं कारण दिसत नाही.

वैशाख शुद्ध १०

पत्रात आणखी एक शब्द लागला. पे, अलिफ, नून, ये. पानी.

शिफारसपत्रात पाणी कशाला?

वैशाख शुद्ध ११

आज गिरवलं नाही.

वैशाख शुद्ध १३. दुपार.

जेवले नाही. सकाळपासून पाटी, कायदा आणि पत्र. एक एक शब्द. कडूबाई दारात येऊन म्हणाली, काय करायलीस गं, चूल न्हाई पेटवली? मी म्हटलं, वाचतेय. ती आत येऊन बसली.

पत्र असं आहे. माझं मराठी:

‘हे पत्र आणणारी नर्मदाबाई आमच्या घरची आहे. नवरा गेल्यापासून तिचा दिमाग ठिकाणावर नाही. नोकरीचा छंद लागला आहे. मेहेरबानी करून तिच्याशी वाद घालू नये. म्हणेल ते ऐकून घ्यावं, पाणी पाजावं, आणि गाडीत बसवून द्यावं. घरी म्हातारी आई तिच्या वाटेकडे डोळे लावून आहे.’

खाली सही. अक्षर सुंदर.

तीनदा वाचलं. चूक माझी असेल असं वाटलं. नव्हती. कसून शिकले होते.

कडूबाईला वाचून दाखवलं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, किती डाव गिरवलंस गं हे? मी हिशेब केला. तीनशेच्या वर.

वैशाख शुद्ध १४

पार्वतीबाईंकडे पत्र घेऊन गेले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्या उस्तानीबाई मला मागेच बोलल्या होत्या. म्हटलं, मग मला का सांगितलं नाहीत? म्हणाल्या, तुम्ही पत्राचा एवढा अभिमान बाळगत होतात, मला वाटलं... आणि थांबल्या. काय वाटलं ते मला कळलं. त्यांनाही ते खरं वाटलं.

जिंतूरला आज पुन्हा गेले असते, पण तिथे हेमाची एक मैत्रीण (आमच्या वर्गातली नव्हे) परवापासून लागली. सदतीस नावांच्या पुढे तिने लिहायला सुरुवात केली असेल.

वैशाख पौर्णिमा

यादी लागली. आठ नावं.

वैशाख वद्य २

पेटी भरली. कडूबाई म्हणाली, नको जाऊस, वाकळा शिव माज्यासंगं. मी म्हटलं, सासूबाईंचा काय दोष? जाऊबाईंच्या एकटीच्याने त्यांचं अंग पुसणंही होत नाही. हे खरं आहे. पत्रातली तेवढी एकच ओळ खरी.

निश्चय: भावजींना तोंडावर विचारायचं. सगळ्यांसमोर. पत्र वाचून दाखवायचं, उर्दूत, मोठ्याने. मधे रडायचं नाही. रस्ताभर पाठ करायचं.

वैशाख वद्य ३. पालम.

बैलगाडी वेळेवर आली होती.

भावजी ओसरीवर पान लावत बसले होते. म्हणाले, या वहिनी. काय, लोकांनी कसं वागवलं?

पत्र ओच्यात होतं. पाठ झालं होतं.

मी म्हटलं, चांगलं वागवलं. सगळ्यांनी पाणी दिलं.

चुना लावता लावता त्यांचं बोट थांबलं. वर बघितलं नाही. मग आत हाक मारली, अगं अंबिका, वहिनी उन्हातून आल्यात, पाणी आण.

जाऊबाईंनी आणलं. तांब्या गार होता.

प्यायले. तहान लागली होती.