धोंड्याच्या जेवणात पाय धुताना

मु. खालची वाडी, पोखर्णीच्या पुढं

राजमान्य राजेश्री दिनकरराव व्याही यांना किशनरावचा आदबीनं रामराम. इकडे सर्व खुशाल. आपला गुडघा आता उठबस करू देतो का, तेही कळवावं.

अधिक महिन्याच्या धोंडेजेवणातून आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावई नागेशराव, न जेवताच मोटारसायकलला किक मारून का निघाले, ते त्यांनी सांगितलंच असेल. आता आमची बाजू ऐका. गेल्या सालापर्यंत आमच्याकडे पाण्याची ठोक पट्टी होती. घागर भरा की गल्ली बुडवा, पट्टी तीच. म्हणून आम्ही गल्ली बुडवत होतो. (मी म्हशीबरोबर रस्ताही धूत असे.) मग मीटर बसलं आणि गावाला महिन्याभरात अक्कल आली. जन्मात तोटी न पाहिलेल्या नळांना तोट्या लागल्या, तोट्यांना कुलपं लागली. पाहुण्याला आता पाणी न विचारता थेट चहा देतात (कपात कमी मावतं). सरपंचांची गाडी मात्र रोज न्हाते, त्यांना बिल परवडतं. मजुरीला जाणारी आमची शेजारीण चांगुणाबाई नातवंडांना दिवसाआड अंघोळ घालते, तर ग्रामसभेत पाणी वाचवल्याबद्दल तिला नारळ दिला.

अशा दिवसांत आपल्या विहीणबाईंनी, म्हणजे आमच्या मालनबाईंनी, जावयाचे पाय धुवायला तांदळाचं धुवण घेतलं. नागेशरावांच्या बोटांत तांदूळ निघाले, तरी माणूस गप्प होता. पण परात कढीपत्त्याला ओतायची घाई झालेल्या बाई म्हणाल्या, "जावईबापू, पाय जपून उचला, पानी सांडायलंय." तिथं ते उठले ते उठलेच. आमची माधवी धोंड्यांचं ताट घेऊन दारातच राहिली. तेव्हापासून पोरगी आईशी बोलत नाही, जेवत नाही, रस्त्याकडे बघत बसते. व्याही, मला तिच्याकडं बघवत नाही. चिरंजीवांची समजूत घालून पाठवा. भरल्या घागरीनं, नितळ पाण्यानं त्यांचे पाय मी स्वतः धुतो.

लहानमोठ्यांना यथायोग्य.

आपला,
किशनराव

ता. क. मीटर वाचणारा शुक्रवारी येतो. जावईबापूंचा राग तेवढा शनिवारपर्यंत टिकवता आला तर उपकार होतील.

आणखी एक. वरची ओळ माधवीनं वाचली. उठून न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली. नळ पूर्ण सोडलाय. मी बाहेर उभा आहे, मीटर फिरायलंय, आणि 'बंद कर' म्हणायला माझं तोंड उघडत नाही. नागेशरावांना आजच पाठवा.