दाताने दोरा तोडणाऱ्या तज्ज्ञ बाई

प्रिय आईस, वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आमच्या ऑफिसात बनवलेला कॉम्प्युटर डेंटिस्टना सांगतो, कुठल्या दातात कुठलं सिमेंट भरायचं. पण एका शिंपीणबाईंचं सिमेंट तीनदा निघालं. मोठमोठे डॉक्टर डोकं खाजवत बसले. मला तू आठवलीस. मी बाईंना विचारलं, "दोरा दाताने तोडता का हो?" बाई लाजल्याच!

मी हे कॉम्प्युटरला शिकवलं, आता तो हा प्रश्न प्रत्येक पेशंटला विचारतो. ऑफिसातल्या सरांनी विचारलं, "हे ज्ञान कुठल्या तज्ज्ञाचं?" मी तुझं नाव सांगितलं. कॉम्प्युटरच्या तज्ज्ञांच्या यादीत आता चौदा प्राध्यापक आणि तू!

बाबा म्हणाले, हल्ली तू एकाच बाजूने चावतेस. दाढ दुखते ना? खरं सांग. सोबत कात्री पाठवतेय. निदान तज्ज्ञांनी तरी ती वापरावी.

तुझंच शेंडेफळ