शिकंज्यातली वही

प्रिय ताई,

हेही पत्र बहुधा टपालात पडणार नाही.

काल फारसीचे मास्तर बांधायला दिलेली पुस्तकं न्यायला आले. म्हणाले, "दादांना मी एक म्हण शिकवली होती. देर आयद, दुरुस्त आयद. उशिरा येतं ते नीट येतं. घायकुत्या गिऱ्हाइकांना ते हीच ऐकवायचे."

दादाने आईची वही खळ लावून शिकंज्यात आवळली, "आठवडाभर हात लावू नकोस," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तुला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून तू निघताना मी ती ओलीच उघडली. पानं फाटली, आईचं अक्षर गेलं.

तू म्हणालीस, "हात थरथरत असेल रे त्याचा."

मी हो म्हणालो. त्याचा हात शेवटपर्यंत स्थिर होता, ताई.

तुझा,
धाकटा