कासारीचं पांढरं पाणी

१ जुलै १९८६
पुण्याच्या क्लबचं पत्र आलं. रबरी होडी घेऊन १५ ऑगस्टला येतायत. डोंगरातली 'व्हाइट वॉटर' नदी शोधणारा स्थानिक लीडर पाहिजे. लीडरचं नाव, फोटो पेपरात. उलट टपाली कळवलं, चार नद्या बघून ठेवल्यात, लीडर मीच. एकही बघितलेली नाही. पोहायलाही येत नाही. पण मग होडी कशासाठी असते?

३ जुलै
शिरोलीच्या फौंड्रीत स्टोअरला बसतो म्हणून लोक मला कारकुंडा समजतात. मोल्डिंगचा हंबीरराव, पंचगंगेच्या घाटावरनं उड्या मारणारं माकड, कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, आकारामला आंघोळीची बादलीसुद्धा खोल पडती. सगळी फिदीफिदी हसली. हसा लेकानो. पेपर येऊ दे.

६ जुलै, रविवार
व्हाइट वॉटर म्हणजे पांढरं पाणी. आणि नकाशात विशाळगडाच्या वाटेवर पांढरेपाणी नावाचं गावच! एस.टी.नं गेलो. धुकं. हॉटेलवाला केरबा म्हणाला, पावणं, नुस्तं नाव हाय की वो. वर माझ्याकडं बघून दात काढले. भजी तेलकट. नकाशा छापणाऱ्याला जोड्यानं मारला पाहिजे.

१३ जुलै
कासारी नदीकाठी बायका धुणं धूत होत्या. अदबीनं विचारलं, मावशी, तुमच्यात पांढरं पाणी कुठनं जातंय? विठाबाई नावाच्या म्हातारीनं धोपटणं उगारलं. म्हणाली, मुडद्या, असलं नर्सबाई इचारती, बाप्यानं इचारायचं न्हवं. दोन बसली. खेडवळ बायकांना खेळातलं काय कळणार?

१४ जुलै
पाठ. रजा. उद्यापासून पोहायला शिकणार.

१५ जुलै
रंकाळा. गर्दी फार. पाणी गार. उद्या.

२६ जुलै
बायको शालू म्हणते, पुण्याला खरं कळवून मोकळे व्हा. माझ्याच घरात हंबीररावाची माणसं!

३ ऑगस्ट
इलाही टायरवाल्यानं ट्रकची ट्यूब दिली. वर म्हणाला, परत आण, निदान ट्यूब तरी. हलकट. कासारीवर पाहणी करताना पाय घसरला. ट्यूब वर, मी खाली, असे दोन फर्लांग. विठाबाईनं कॉलर धरून ओढलं. मी बाहेर येतच होतो. सगळं ऐकून म्हणाली, आरं, मग खळाळतं पाणी म्हन की! कुठं कुठं खडक हाय सांगू लागली. गप म्हटलं. नदी मी शोधलीय.

१५ ऑगस्ट, रात्री
पुणेकर आले. होडी झकास. कॅप्टननं विचारलं, पोहता येतं ना? म्हटलं, उत्तम. काठावरनं विठाबाई बोंबलली, ह्यो? ह्याला मी गाळातनं उपसलाय न्हवं! मग तिनं सगळंच सांगितलं. धोपटण्यासकट. कॅप्टन हसून हसून खाली बसला. उठला तो तिला खडकांची माहिती विचारायला. मग तिलाच तरंगायचं जाकीट घातलं. काष्टा मारून म्हातारी पुढं बसली. म्हणाली, पर माझी म्हस कोन धरनार?

१८ ऑगस्ट
पेपर आला. हंबीररावानं कात्रण कँटीनमध्ये चिकटवलंय. फोटो मोठा आहे. काठावर मी स्पष्ट दिसतो, दावं धरून. खाली नावं छापलीत. विठाबाईचं, पुण्याच्या चौघांचं. माझं नाही.
म्हशीचं आहे.