ह्यांचा आवाज आत अडकलाय

शुक्र. ३ ऑक्टो.
सकाळपासून डोकं उठलंय. मेला कॉम्प्युटर. पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी, वाटतं उघडला, आणि परत तोच चौकोन, पासवर्ड टाका. चुकला म्हणत नाही, बरोबर म्हणत नाही. रेशन ऑफिसातला माणूस बरा, तोंडावर "नाही" तरी म्हणतो.
हे खुर्चीत बसून बघतायत. बोलायचं असणार काहीतरी. घशाच्या ऑपरेशनपासून ह्यांचा आवाज त्या डब्यातच. ऑपरेशनच्या आधी नणंदेच्या नितीनने बसवून एकेक वाक्य भरून घेतलं. बटण दाबलं की ह्यांच्याच आवाजात, "चहा ठेव गो." "पंखा कमी कर." मालवणी शिव्या पण भरल्यात, त्या जास्त वाजतात.

शनि. ४
नितीनला फोन. बंगळूरला असतो.
"मामी, अपडेट चालू होता का?"
"काय तरी गोल गोल फिरत होतं."
"मग?"
"मग काय, दसरा होता. बंद केला, पुसला, हळदकुंकू, झेंडूचा हार."
"फिरत असताना बंद?"
"वायर काढली."
हसला मेला. म्हणे, जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढलंत मामी.
सासरे गिरणीत होते. दसऱ्याला कापड विणायचा साचा बंद करून पूजायचे. चालू मशीनला हार कोण घालतं?

रवि. ५
नितीन व्हिडिओवर. तीन बटणं एकदम दाबली. चित्रं गेली, काळ्यावर पांढरी अक्षरं. पासवर्ड टाकते तर ठिपका पण उमटत नाही. म्हटलं, बटणं मेली. "मामी, तिथं दिसत नाही, टाकत राहा." आंधळ्यासारखं टाकलं. चुकलं, परत टाकलं. शेवटी घेतलं आत.
मग तो सांगेल ते अक्षर-अक्षर. भरलेल्या वाक्यांची नावं आली. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. चहा. पंखा. कोण आलं. ह्यांनी उठून स्क्रीनला बोट लावलं.
सगळं आहे. वाजत नाही. अपडेट अर्धा बसलाय, त्यात आवाजाचं पण बिघडलं म्हणे.
"पेनड्राइव्हवर काढ की मग."
"तुमच्याकडून एक अक्षर चुकलं तर जाईल सगळं. मी आल्यावर करतो."
"कधी?"
"बघतो."

मंगळ. ७
डबा टॅक्सीत मांडीवर घेऊन दादरला नेला. दुकानवाला म्हणे, "काकी, ही विंडोज नाय, दुसरंच कायतरी घातलंय. फॉरमॅट मारतो, अर्ध्या तासात नवा."
"आणि आतलं?"
"आतलं जाणार. कॉपी नाय ठेवली?"
उचलला, परत आणला. नितीन मोबाईलवर पण घालून देणार होता. राहिलं ते राहिलंच.
घरी सांगितलं तर ह्यांनी जुनी पाटी काढून लिहिलं, मार फॉरमॅट. म्हटलं, काय? खाली लिहिलं, नवीन भरू.
कशाने भरणार? थट्टा होती की विसरले, तोंडावरून कळेना. मी पाटी पुसली.

गुरु. ९
हे आता टाळी वाजवून बोलावतात. चहा, टाळी. पंखा, टाळी. पोळी तव्यावर आणि टाळ्या. मी ओरडले, मी काय कबुतर आहे?
दुपारपासून टाळी नाही. चहा पण मागितला नाही. ठेवला समोर, थंड झाला.

शनि. ११
सकाळी मनातल्या मनात म्हणून बघितलं, चहा ठेव गो. तो 'गो' कसा ओढायचे ते येईना. चार वेळा म्हटलं. माझ्याच आवाजात येतं.
नितीन फोन उचलत नाही. लिहितो, मीटिंग. मग मी मेसेजमध्येच बोलले, आवाज भरून. "नितीन, मामी बोलतेय. दिवाळीला येतो म्हणू नकोस, गेल्या दिवाळीला पण येणार होतास. मामाने पाटी कपाटावर ठेवलीय, लिहीत पण नाही. येणार असशील तर दिवस सांग. येणार नसशील तर न पुसता काढून देईल असा माणूस सांग. तुला पण जमणार नसेल तर तसं सांग, मी ऐकेन. पण बघतो नको. बुधवारपर्यंत. बुधवारनंतर तुला नाही, तुझ्या आईला फोन करीन."
मेसेजवरचं चिन्ह निळं झालंय. म्हणजे ऐकलंय. बुधवार म्हणजे बुधवार.