त्र्यंबकचं निमित्त

दौलतगंज, ग्वाल्हेर
८ जानेवारी २०२५

ती. शामलाताईस,
सीमंतिनीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कसलं, म्हणून हसशील. पण सासूबाई सारख्या शेजारी असतात आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. पंचवीसला आम्ही नाशिकला येतोय. एक दिवस तुझ्याकडे, मग दोन दिवस द्राक्षमळ्यात मुक्काम. लग्नाला अकरा वर्षं झाली, आईंना सोडून आम्ही कुठेच गेलो नाही. वाइन चाखायला चाललोय हे सांगायची हिंमत होईना, म्हणून विहंगने त्र्यंबकेश्वराचं नाव पुढे केलं आणि मी मान हलवली. तिथे गर्दी फार, तुमचे गुडघे दुखतील, असंही मीच म्हणाले.

त्यांनी हट्ट केला नाही. उलट आमची यात्रा नीट व्हावी म्हणून सोमवारपासून एकवेळच जेवतात, आम्ही परत येईपर्यंत. ताई, त्यांना मधुमेह आहे. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
सीमंतिनी

नाशिक, १३ जानेवारी

चि. सीमंतिनीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग राग आला. नवराबायकोला दोन दिवस एकटं जावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. द्राक्षतोडणी सुरू झालीय, जरूर बघा. पण म्हातारीला अर्धपोटी ठेवून तुझ्या घशाखाली एक घोट तरी उतरेल का? हे पत्र मिटायच्या आत जाऊन सांग. बोलणी खा, पण त्यांना जेवायला घाल.

रागावले तरी तुझीच,
ताई

दौलतगंज, १८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी आईंना सगळं सांगितलं. दारूवरून ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मटार सोलत होत्या, ते थांबवून म्हणाल्या, "माझ्याशिवाय जायचं होतं, एवढंच ना? मग देवाला कशाला मध्ये आणलंत?"

रात्रीचं ताट वाढलं तर जेवल्या. विहंग त्यांचंही तिकीट काढायला निघाला, तर नको म्हणाल्या, तुम्ही खुशाल जा. ताई, मला आता यावंसंच वाटत नाही, आणि नाही आले तर त्यांना वाटेल, त्यांच्यामुळे राहिलं. म्हणून येतोय, दोघंच.

काल शेजारच्या लीलाताईंनी त्यांना विचारलं, की मुलं त्र्यंबकला चाललीत, तुम्ही कशा नाही? मी स्वयंपाकघरात ऐकत उभी होते. आई म्हणाल्या, मुलं फार मागे लागली होती, मीच नको म्हटलं.

लोभ कमी करू नकोस, सध्या तो फार लागतोय.

तुझी,
सीमंतिनी